मामंजींचं कुटुंब

माझे सासरे घरकोंबडे होते. त्यांना तोंडावर असं म्हणणारे गेले, पाठीमागे म्हणणारेही गेले, पण तो शब्द काही आमचं घर सोडत नाही. परवा एका मुंजीत जेवणं झाल्यावर लांबच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी विषय काढला. म्हणाले, "तुमचे सासरे म्हणजे हुशार माणूस हो, पण घरकोंबडा. घरातून पाय निघाला असता तर कुठल्या कुठे गेले असते." मी विडा चघळत होते. तो गालात सरकवून मी विचारलं, "कुठे गेले असते?" गृहस्थ गडबडले. "म्हणजे... वर." मी म्हटलं, "वर तर ते गेलेच. आपण सगळेच जाणार आहोत. त्याआधी त्यांचं कुठे जायचं राहून गेलं ते सांगा." सुनेने मला डोळ्यांनी दटावलं, म्हणून तिथे गप्प बसले. पण मी आता गप्प राहण्याच्या वयाची उरलेली नाही. जे तिथे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा संस्थान नुकतंच विलीन होऊन मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं होतं. मामंजी संस्थानच्या कचेरीतले कारकून, ते एका दिवसात मध्यभारताचे कारकून झाले. टेबल तेच, टाक-दौत तीच, तुकोगंजातली इमारतही तीच. फक्त कागदावर हिंदी आली. मामंजींचं त्यावाचून काही अडलं नाही, कारण ते मराठी बोलायचे तेव्हाही निम्मी हिंदीच बोलायचे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "सूनबाई, थकून गेल्या असाल. पहिले चहा पिऊन घ्या, मग बाकीचं पाहू." मी माझ्या यजमानांना हळूच विचारलं, "तुमच्याकडे मराठीच बोलतात ना?" ते म्हणाले, "हो, इंदूरची."

मल्हारगंजातल्या एका अरुंद गल्लीत खाली रंगाऱ्याचं दुकान आणि वर आमच्या तीन खोल्या होत्या. गच्चीवर एक लहानशी खोली होती, ती आम्हा नव्या जोडप्याला दिलेली. त्या तीनपैकी पुढची खोली पुरुषांची, मागची बायकांची आणि मधली स्वयंपाकाची. माणसं फार नव्हती. मामंजी, सासूबाई, मामंजींच्या थोरल्या विधवा बहीण आत्याबाई, धाकटे भाऊ भाऊकाका आणि आम्ही दोघं.

पहिल्याच दिवशी मी पोळ्या लाटायला बसले आणि पुरुषांची पानं मांडली. मामंजी आत आले, पानं मोजावीत तशी बघितली आणि म्हणाले, "बाकी लोकांची कुठे आहेत?" मी म्हटलं, "आम्ही मागाहून बसू." त्यावर ते स्वतः ताटं काढायला लागले. "मागाहून वगैरे काही नाही. इथे आपण लोक सोबत जेवतो. तुम्ही पण बसून जा." मी म्हटलं, "पोळ्या गार होतील." तर म्हणाले, "होऊन जाऊ द्या. थंड पोळी पोटात गेली की आपोआप गरम होते." सासऱ्यांसमोर पाटावर बसून जेवायचं म्हणजे माझ्या घशाखाली घास उतरेना. मी खात नाही म्हणून तेही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "खाऊन घे गं बाई, नाही तर आम्ही सगळे उपाशी राहू." मी खाल्लं. माहेरी हे कळलं तेव्हा आईने कपाळाला हात लावला आणि त्या घरात वळण म्हणून काही आहे की नाही, असं विचारलं. आहे, मी म्हटलं, पण ते वेगळ्या बाजूला वळलेलं आहे.

'आपण लोक' हा मामंजींचा शब्द होता. 'मी' असा शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच निघायचा. ऑफिसातून एकटे परत येताना गल्लीच्या तोंडाशीच ते आवाज द्यायचे, "आलो हो, आपण लोक आलो!" समोरचे कापडवाले सेठजी गादीवरून ओरडायचे, "भिया, दूसरा कौन है साथ में?" मामंजी म्हणायचे, "ऊपर हैं सब." बंद गळ्याच्या कोटाच्या खिशांत प्रत्येकासाठी काही तरी असायचं. आत्याबाईंची तपकीर, सासूबाईंना वेणीसाठी लोकरीचा गोंडा, मला बोरं. भाऊकाकांसाठी भाजलेले शेंगदाणे, तेही एका ठरावीक खिशात, कारण भाऊकाका त्या खिशात स्वतः हात घालायचे. सेठजी त्यांना घरघुस्सू म्हणायचे. मामंजींना त्याचा राग कधी आला नाही. "घर आहे म्हणून घुसतो," ते म्हणायचे, "तुमच्यासारखा दुकानात झोपून नाही राहत."

भाऊकाकांबद्दल आधी सांगायला हवं. लहानपणी मोठा ताप आला, त्यातून शरीर वाचलं, बुद्धी तिथेच थांबली. मी आले तेव्हा ते चांगले थोराड पुरुष होते, केस कानशिलांवर पिकायला लागलेले, आणि बोलणं चार वर्षांच्या पोराचं. स्वभावाने गरीब. दिवसभर गच्चीत कबुतरांना दाणे टाकायचे, सासूबाईंनी भरवलं की जेवायचे. पण उन्हं उतरली की जिन्याच्या तोंडाशी उभे राहायचे आणि दादाची हाक येईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. एकदा मामंजींना कामासाठी देवासला पाठवलं होतं आणि परतीची मोटार बिघडली. संध्याकाळ झाली, दिवे लागले, हाक आली नाही. भाऊकाकांनी दाराच्या चौकटीवर डोकं आपटायला सुरुवात केली. आम्ही सगळ्यांनी मिळून धरलं तरी आवरेनात. मामंजी दुसऱ्या दिवशी दुपारी आले तेव्हा भाऊकाकांच्या कपाळावर पट्टी होती. मामंजींनी ती पट्टी बघितली, कोट काढला आणि तिथेच जिन्यावर बसले. त्यानंतर ते इंदूरबाहेर कधी मुक्कामाला गेले नाहीत. फिरतीवर जायला सांगितलं की सरळ नाही म्हणायचे.

रजेच्या अर्जातही खोटं लिहायचे नाहीत. लोक ताप लिहायचे, मावशी मारायचे. मामंजींनी एकदा रजेचं कारण लिहिलं होतं, 'घरी राहावेसे वाटते.' अर्ज परत आला. मामंजी अर्ज घेऊन साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "ताप लिहून देतो, साहेब, पण मग मला पडून राहावं लागेल. मला तर घरात फिरायचं आहे." रजा मिळाली की नाही ते आठवत नाही. घरी मात्र ते त्या दिवशी होते.

लग्नपत्रिकेतला 'सहकुटुंब सहपरिवार' हा मजकूर जगात फक्त मामंजींनीच वाचलेला असावा. बाकीचे मुहूर्त आणि पत्ता बघतात. लालबागेच्या बाजूला राहणाऱ्या एका सरदार घराण्याशी आमचं दूरचं नातं होतं. त्यांच्याकडच्या लग्नाची पत्रिका आली, आणि पत्रिका आणणाऱ्या कारभाऱ्याने जाता जाता सुचवलं की तुम्ही दोघं या, जागा जरा थोडी आहे. जागा थोडी नव्हती. भाऊकाका नको होते. मामंजींनी पत्रिका कारभाऱ्यासमोर धरली आणि म्हणाले, "हे कोणी छापलं? आपण लोकांनी तर नाही छापलं." आम्ही सगळे गेलो. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि 'सावधान' म्हटलं की भाऊकाका मोठ्याने हसायला लागले. सगळा मांडव आमच्याकडे वळून बघायला लागला. मी पदरात तोंड लपवलं. मामंजींनी काय करावं? प्रत्येक 'सावधान'ला तेही हसायला लागले, भाऊकाकांच्या इतकंच मोठ्याने, म्हणजे हसणारा एकटा पडायला नको. तिसऱ्या का चौथ्या वेळी अंतरपाटाआड नवरामुलगा हसला. मग मुलगीही हसली. भटजी चिडले, पण लग्न लागलं, आणि त्या जोडप्याचा संसार चांगला झाला असं ऐकलं आहे.

एवढ्यावरून मामंजी गमत्या माणूस वाटतील. होतेच. पण गमतीमागे जे होतं ते मी एकदा जवळून पाहिलं.

मध्यभारताच्या राजधानीचा एक मामला होता. ग्वाल्हेरवाले म्हणत राजधानी आमची, इंदूरवाले म्हणत आमची. शेवटी असं ठरलं की हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. नव्या नवरीसारखं सरकारचं सासर-माहेर चालायचं, आणि कुठलं सासर कुठलं माहेर यावर पुन्हा भांडण. कपाटं, दप्तरं, टाइपरायटर आणि कारकून आगगाडीत भरून इकडून तिकडे जायचे. मामंजींचं खातं आधी इंदूरलाच राहिलं. मग एके वर्षी हुकूम निघाला की तेही हलणार, आणि सासर-माहेर नाही, कायमचं ग्वाल्हेरला. त्याच हुकमात मामंजींना हेडक्लार्क केलं होतं. त्या खुर्चीची त्यांनी मनापासून वाट पाहिली होती, हे मी लपवणार नाही. कागद घेऊन आले त्या संध्याकाळी त्यांची हाक नेहमीपेक्षा मोठी होती.

हुकूम हिंदीत होता. कर्मचारी 'अपने कुटुंब सहित' सरकारी क्वार्टरमध्ये राहतील, असं त्यात लिहिलेलं. मामंजींनी तो जेवताना वाचून दाखवला आणि म्हणाले, "चला. आपण लोक सगळे ग्वाल्हेरला." माझे यजमान शाळेत शिक्षक होते, त्यामुळे आम्ही दोघं इंदूरला राहू आणि बाकीचे चौघं जातील, असं ठरलं. आत्याबाई तपकीर ओढून म्हणाल्या, "तिकडे थंडी फार असते म्हणे." भाऊकाकांनी कबुतरं घेऊन जायची का, असं विचारलं. मामंजी म्हणाले, "तिथे पण असतील, मोठ्या किल्ल्याचं गाव आहे."

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातून आले ते हाक न देताच. भाऊकाकांना ते दिसले तेव्हाच आल्याचं कळलं. जेवताना त्यांनी सगळी हकीकत सांगितली, साहेबांचा आवाज काढून. त्यांचे साहेब मराठीच होते, पुण्याकडे शिकलेले, कायद्याचे पक्के. मामंजींनी चार माणसांसाठी क्वार्टर मागितलं तेव्हा साहेब म्हणाले, "चार कोण? हुकमात कुटुंब म्हटलंय. कुटुंब म्हणजे वहिनी."

आता हे इंदुरातच होऊ शकतं. हुकूम हिंदी, वाचणारे दोघंही मराठी. आमच्या मराठीत जुनी माणसं बायकोला कुटुंब म्हणतात. 'कुटुंब माहेरी गेलंय' म्हटलं की बायको गेली असं समजायचं. हिंदीत मात्र कुटुंब म्हणजे सगळं खटलं. मामंजींनी ते हिंदीत वाचलं होतं, साहेबांनी मराठीत.

"मी म्हटलं, साहेब, ऑर्डर हिंदीत आहे तर अर्थ पण हिंदीतच घ्या नं," मामंजी सांगत होते. "तर ते काय म्हणतात? लग्नपत्रिकेत सहकुटुंब आणि सहपरिवार असं वेगवेगळं का छापतात? कुटुंब वेगळं, परिवार वेगळा. मी म्हटलं, आम्ही लोक तर दोन्ही नेतो, साहेब."

आम्ही हसलो. मामंजी हसले नाहीत. साहेबांनी पुढे सांगितलं होतं की क्वार्टर दोन खोल्यांचं आहे, भाऊ आणि बहीण त्यात बसत नाहीत, आणि कामावर रुजू झाला नाहीत तर नोकरीचा प्रश्न येईल. बहिणीची सोय मुलाकडे होईल. भावाची व्यवस्था करा. व्यवस्था म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, पण मामंजींना समजलं आणि आम्हालाही. भाऊकाका ताटातला भात एका बाजूला सारून दुसऱ्या बाजूला आमटी अडवत होते.

आम्ही दोघं होतो, आत्याबाई होत्या, मग भाऊकाकांना इंदूरलाच ठेवता आलं नसतं का, असं कुणी विचारील. देवासची एक रात्र आम्ही पाहिली होती. संध्याकाळी त्यांना आम्ही चालत नव्हतो.

त्यानंतर एक दिवस दुपारी मी गहू निवडत होते आणि सासूबाई लोकरीचं काही तरी विणत होत्या. हुकूम आला त्याच दिवशी त्यांनी मामंजींसाठी स्वेटर विणायला घेतला होता. विणता विणता मान वर न करता त्यांनी विचारलं, "दोन खोल्या म्हणजे एक स्वयंपाकाची नं?"

"हो, तशीच असेल."

"आणि दुसरीत आम्ही दोघं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या लगेच म्हणाल्या, "काही नाही, असंच विचारून राहिले होते." लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मुलगा नोकरीला लागला, सून आली, आणि त्यांना नवऱ्याबरोबर कायमची अशी एक खोली कधी मिळाली नव्हती. पुढची पुरुषांची, मागची बायकांची. नव्या नवलाईची गच्चीवरची खोली त्यांनाही मिळाली असेल थोडे दिवस, मग कोणाचं तरी लग्न झालं असेल. सगळ्यांच्या ताटांकडे बघणाऱ्या माझ्या सासऱ्यांना हे कधी दिसलं नव्हतं. मला त्यांचा त्या दुपारी राग आला. माणूस सगळ्यांचा असला की जवळच्या माणसाच्या वाट्याला किती येतो, हेही एकदा लिहायलाच हवं.

रुजू व्हायची तारीख जवळ आली तशी मामंजींची झोप गेली. त्यांनी ना होकार दिला ना नकार. मग एका रविवारी सकाळी साहेब स्वतःच आमच्याकडे आले. त्यांना वाईट म्हणवत नाही मला. कारकुनाच्या घरी जिना चढून कोणता साहेब येतो? त्यांना मामंजी आवडायचे आणि त्यांचं भलं व्हावं असं मनापासून वाटत होतं. मामंजींनी त्यांना घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं. मी पोहे केले, वर शेव घालून नेऊन दिले. भाऊकाका आले आणि साहेबांच्या पायांशी बसून त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाला कान लावून ऐकू लागले. साहेबांनी हात मागे घेतला, मग कसंसं वाटून पुन्हा पुढे केला.

"माझं ह्याच्याशी काही वाकडं नाही," साहेब म्हणाले. "पण तुमच्या आयुष्याचा विचार करा. इथे चांगली जागा आहे. डॉक्टर असतात, वेळेवर जेवण असतं."

"पागलखाना म्हणता नं?" मामंजींनी विचारलं.

"इस्पितळ म्हणा."

"काही पण म्हटलं तरी कुलूप तर बाहेरूनच लावतात, साहेब."

"मग तुम्ही काय करणार? नोकरी सोडणार?"

मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. माझ्या सासऱ्यांना उत्तर सुचलं नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हट्टाने, चेष्टेने, शब्दांच्या खेळाने त्यांनी इतकी वर्षं सगळ्यांना एका पंगतीत बसवून ठेवलं होतं, आणि आता ते खाली भाऊकाकांच्या डोक्याकडे बघत होते. हो म्हणतील की काय, अशी मला भीती वाटली.

साहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते आतल्या दाराकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही समजवा ह्यांना. छान क्वार्टर आहे. मागे अंगण आहे. जन्मभर ह्या सगळ्यांचं केलंत, आता तुम्ही दोघं जरा स्वस्थपणे राहा."

साहेबांना ठाऊक नव्हतं, पण ते नेमकं तिथेच बोलले होते.

सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. परक्या पुरुषासमोर त्या कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि उंबरठा ओलांडून बाहेर गेल्या.

"साहेब, ह्यांना तुम्ही घेऊन जा," त्या म्हणाल्या. "मी नाही येत."

मामंजींनी मान वर केली.

"मी लग्न करून आले नं, तेव्हा भाऊजी माझ्या कमरेला लागायचे," सासूबाई म्हणाल्या. "ह्या घरात माझ्याशी पहिले कोणी बोललं असेल तर ते भाऊजी. हे तर सालभर माझ्याकडे पाहत पण नव्हते. ह्यांना वाटतं घर हेच सांभाळून राहिले आहेत. वाटू द्या. पण भाऊजींना न्हाऊ मी घालते, भरवते मी. संध्याकाळी डोकं आपटतील तर मी चौकटीला उशी बांधून ठेवीन. त्यांना तिकडे सोडायचं असेल तर पहिले मला सोडून या."

भाऊकाका घड्याळ ऐकत होते. मामंजी आपल्या बायकोकडे असे बघत होते की जणू कुणी नवं माणूस जिना चढून आलं आहे. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते जुनं हसू आलं, मांडवातलं.

"साहेब," ते म्हणाले, "तुमचंच खरं. आपण तुमचाच अर्थ धरू. ऑर्डर काय म्हणते? कुटुंब सहित. आता कुटुंबच नाही म्हणून राहिलंय. मग मी कुटुंबासहित येऊ कसा?"

साहेब कायदा शिकलेले होते, हा काही युक्तिवाद नव्हे हे त्यांना कळत होतं. त्यांनी चेहरा कठोर ठेवायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. पोह्यांची बशी खाली ठेवून ते म्हणाले, "हेडक्लार्कची खुर्ची जाईल, सांगून ठेवतो."

"जाऊ द्या. तिला चार पाय आहेत."

"हाताखालचे लोक वर जातील. पुन्हा माझ्याकडे येऊ नका."

"नाही येत, साहेब. पण तुम्ही येत जा. पोहे सूनबाई चांगले करतात."

खुर्ची गेलीच. नोकरी वाचली ती साहेबांमुळे, पण मामंजींना इंदूरला मागे राहिलेल्या जुन्या दप्तराच्या खोलीत टाकलं. ज्यांना त्यांनी मसुदा कसा करायचा ते शिकवलं होतं त्यांच्या सह्यांचे हुकूम त्यांना येऊ लागले. घरकोंबडा हा शब्द तेव्हा पक्का चिकटला. पुढे मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश झालं, राजधानी ना ग्वाल्हेरला राहिली ना इंदूरला, ती भोपाळला गेली. मामंजी म्हणाले, "पाहिलं? राजधानीच राहिली नाही. आपण लोक तर आहोत." भाऊकाका आमच्या घरातच म्हातारे झाले आणि घरातच गेले, सासूबाईंच्या मांडीवर. मुंजीत भेटलेल्या गृहस्थांनी हे जिथे मांडायचं असेल तिथे मांडावं.

पण साहेब जिना उतरून गेले त्या सकाळचं एवढं सांगून माझं संपत नाही. ते गेल्यावर सासूबाई मागच्या खोलीत गेल्या. मी बशा घेऊन मागोमाग गेले तर त्या अर्धवट विणलेला स्वेटर उसवत होत्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुम्हाला जायचं होतं ना?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "जायचं होतं," त्या म्हणाल्या. "खूप जायचं होतं गं." आणि लोकर गुंडाळत राहिल्या.

मोरीवर कुणी तरी पाय धूत होतं, ते पाणी एकदम थांबलं. मी वळून पाहिलं. मामंजी तांब्या हातात घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. तांब्या मोरीवर पालथा ठेवून ते पुढच्या खोलीत गेले.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी बंद गळ्याचा कोट घातला. खाली गल्लीत टांगा येऊन उभा राहिला. भाऊकाका शेंगदाण्यांच्या खिशात हात घालत म्हणाले, "दादा, ऑफिस?" मामंजींनी सगळे शेंगदाणे काढून त्यांच्या ओंजळीत दिले आणि म्हणाले, "ऑफिस नाही, भाऊ. मी जरा कुटुंबासह लालबागेपर्यंत जाऊन येतो. उन्हं उतरायच्या आत येतो." मग मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. सासूबाईंना काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "कोण कोण चाललंय?" मामंजी म्हणाले, "तुम्ही आणि मी."

आत्याबाईंनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता तशीच धरली. सासूबाईंनी लुगडं बदललं नाही, वेळच दिला नाही मामंजींनी. त्या काळी मल्हारगंजात आमच्यासारख्या घरातली नवरा-बायको भरदुपारी टांग्यात शेजारी शेजारी बसून जात नसत, आणि त्यात सून आलेली असताना तर नाहीच. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. सेठजी गादीवरून उठून दुकानाच्या पायरीवर आले आणि ओरडले, "क्यों भिया, आज अकेले-अकेले?"

"अकेले कुठे?" मामंजी टांग्यातून तितक्याच मोठ्याने म्हणाले. "दिसून नाही राहिलं का?"

टांगेवाल्याने चाबूक हलवला. मागच्या बाकावर बसलं की टांग्यात तोंड मागे असतं. त्यामुळे वळण येईपर्यंत सासूबाईंचं तोंड सबंध गल्लीकडे होतं. उघड्या खिडक्या, सेठजी, भाऊकाकांचा हात धरून जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली मी, सगळं त्यांच्या समोर होतं. त्यांनी आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही. त्या शेजारी बसलेल्या मामंजींकडे बघत होत्या.